वसंतातली सकाळची पक्षिनिरीक्षण फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढचे प्रश्न महाराष्ट्रात चैत्र-वैशाखात, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, मार्गदर्शकासोबत निघणाऱ्या फेऱ्यांबद्दल आहेत. थोडी झाडी, थोडं माळरान आणि जवळपास एखादा पाणवठा अशी वाट गृहीत धरली आहे.

पक्षी बघायचे तर हिवाळाच चांगला असं ऐकलं आहे. मग वसंतात कशासाठी यायचं?

प्रजातींची संख्या हिवाळ्यात जास्त भरते, हे खरं. तलावांवर थापट्या, चक्रवाक, पट्टकदंब हंस असे उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात आणि मार्च संपेपर्यंत त्यातले बरेचसे परत निघतात. पण हिवाळ्यात स्थानिक पक्षी बहुतेक गप्प असतात. वसंतात त्यांची वीण सुरू होते. मग नर गातात, हद्दीवरून भांडतात, माद्यांपुढे मिरवतात, चोचीत काड्या आणि कोळ्याची जाळी घेऊन ये-जा करतात. पक्षी ओळखणं हिवाळ्यातही जमतं, पण तो जगतो कसा हे वसंतात दिसतं.

शिवाय पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं याच सुमारास पानं गाळून फुललेली असतात. फांद्या उघड्या आणि फुलांत मध, त्यामुळे एका काटेसावरीखाली वीस मिनिटं उभं राहिलं तरी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि भोरड्या यांची वर्दळ पाहता येते. घाई न करता फुललेल्या झाडाखाली थांबणं ही मार्चमधली सगळ्यात फायद्याची गोष्ट आहे.

सूर्योदयाआधीच का जमायचं? सात-साडेसातला आलं तर चालणार नाही का?

चालेल, पण फेरीचा सगळ्यात श्रीमंत तास निघून गेलेला असेल. मुंबई-पुण्याकडे मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, मेच्या मध्यात सहाच्या सुमारास. विदर्भात त्याच्याही वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणून जमण्याची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची ठेवतात आणि महिनाभरात ती अलीकडे सरकत जाते. जुन्या वेळेच्या भरवशावर राहू नका.

पहाटे हवा स्थिर असते, त्यामुळे आवाज लांबवर जातो. उजेड पुरेसा नसल्यानं किडे शोधण्यात अर्थ नसतो, म्हणून तो वेळ गाण्यात जातो. अंधार असताना रातव्याचं ‘चक्-चक्-चक्’ ऐकू येतं. मग कोतवाल आणि दयाळ सुरुवात करतात, त्यांच्यामागून बुलबुल, शिंपी, सातभाई. ऊन पडल्यावर शिंजीर आणि वेडे राघू कामाला लागतात. शिकारी पक्षी मात्र उशिरा, नऊच्या पुढे, जमीन तापून हवा वर चढू लागली की आकाशात घिरट्या घेताना दिसतात. साडेनऊनंतर झाडीतली हालचाल झपाट्यानं कमी होते.

नेमके कोणते पक्षी दिसतील?

हमी कोणीच देऊ नये. तरी अशा वाटेवर तीन तासांत 35 ते 50 प्रजाती नोंदल्या गेल्या तर सकाळ चांगली गेली म्हणायची. पहिल्यांदा येणाऱ्याला त्यातल्या पंधरा-वीस नीट दिसल्या तरी पुष्कळ.

शेंड्यावर, तारेवर किंवा खांबावर बसून गाणारा काळा-पांढरा पक्षी बहुधा दयाळ असतो. मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग. तांबट चिमणीपेक्षा किंचित मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल डाग असलेला. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला तो ढोली कोरत असेल तर खाली पडणाऱ्या भुशावरून सापडतो. फळं धरलेला वड, पिंपळ किंवा उंबर दिसला की तांबट, कोकीळ, राखी धनेश आणि हरियल यांच्यासाठी थांबायचंच. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांत तो इतका मिसळून जातो की अर्धं झाड थव्यानं भरलं असलं तरी कळत नाही. पण सकाळी ऊन खायला हा थवा निष्पर्ण शेंड्यावर येतो आणि तीच त्याला पाहण्याची वेळ.

शिंजीर नर विणीच्या पिसाऱ्यात निळा-जांभळा चमकतो, उजेड मागून असेल तर नुसता काळा दिसतो. त्याचं घरटं म्हणजे फांदीला लोंबणारी पिशवी. बाहेरून सालपटं, विष्ठा, कचरा चिकटवलेला असल्यानं ते जाळ्यात अडकलेला केर वाटतं. शिंपी दोन-तीन पानांच्या कडांना भोकं पाडून कापूस आणि कोळ्याच्या धाग्यानं ती शिवतो. त्याचं घरटं शोधायला जाऊ नका, आवाज पुरे.

माळावर नीलपंखाची उड्डाणं हे वसंताचं खास दृश्य. एरवी तारेवर सुस्त बसलेला हा पक्षी उंच चढतो आणि कर्कश ओरडत, डावी-उजवीकडे कलंडत खाली झेपावतो. तेव्हा पंखांतला गडद आणि फिका निळा उघडतो. वेडे राघू नदीकाठच्या मऊ दरडीत हातभराहून लांब बिळं खणतात. बिळाच्या तोंडाशी ताजी माती पडलेली असेल तर काम चालू आहे असं समजावं.

राखी धनेश दिसला तर नशीब. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपून घेते आणि एक फट तेवढी उरते. आतल्या मादीला, पुढे पिल्लांनाही, नर त्या फटीतून फळं भरवतो. म्हणून नराला काही झालं तर आतलं सगळं कुटुंब उपाशी राहतं. अशा झाडाखाली गट उभा करणारा मार्गदर्शक चुकतो आहे, हे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

जाणाऱ्या पाहुण्यांपैकी भोरड्यांचे थवे एप्रिलपर्यंत रेंगाळतात. तोवर त्यांचा गुलाबी रंग उजळलेला असतो. पिवळा धोबीही जाता-जाता छान पिवळा होतो. हिवाळाभर मळकट दिसलेला पक्षी हाच, यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही.

सुगरण, चातक, नवरंग का दिसत नाहीत?

ते पावसाशी बांधलेले आहेत. सुगरणीची विणकाम करणारी वसाहत पाऊस लागल्यावर रंगात येते. चातक मोसमी वाऱ्यांच्या पुढे येतो. नवरंग मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये शोधायचा. एप्रिलच्या फेरीत तिघांची अपेक्षा धरू नये.

पक्षी दिसण्याआधी आवाज येतो. तो ओळखायला कुठून सुरुवात करू?

पाच आवाजांपासून. एकदम तीस शिकायला गेलात तर एकही पक्का होत नाही.

कोकिळाचं ‘कुहू’ सगळ्यांना येतं, पण ते नराचं. कविता-गाण्यांत कोकिळा गाते. प्रत्यक्षात तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची कोकिळा फक्त ‘किक्-किक्-किक्’ असं तीव्र ओरडते. हा आवाज कावळ्याच्या घरट्याजवळ आला तर लक्ष द्या, कारण ती अंडी घालते ती तिथेच. पावशाचं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ दर वेळी एक पट्टी वर चढत जातं, किंचाळीपर्यंत पोचतं, तुटतं आणि पुन्हा खालून सुरू होतं. ढगाळ सकाळी आणि चांदण्या रात्रीही. तांबटाचं ‘टुक्-टुक्-टुक्’ एकाच लयीत मिनिटामागून मिनिटं चालतं. तो दर ठोक्याला मान वळवतो, त्यामुळे आवाज कधी इकडून, कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. त्याला शोधताना आवाजाच्या दिशेपेक्षा उघडे शेंडे तपासा. भारद्वाजाचा ‘हूप्-हूप्-हूप्’ खोल, दाट झुडपातून येणारा. आणि शिंपी : मूठभर देहाला न शोभेल इतका मोठा, ‘टुविट्-टुविट्-टुविट्’.

घरी सराव करायचा असेल तर रोज सकाळी दहा मिनिटं खिडकीशी बसून किती वेगवेगळे आवाज आले एवढंच मोजा. नावं नंतर आपोआप चिकटतात.

आवाज ओळखणारं मोबाईल ॲप वापरलं तर चालेल?

चालेल, पण त्याचं उत्तर सूचना म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. मर्लिनसारखं ॲप चांगलं आहे आणि आपल्या भागाचा संच आधीच उतरवून घेतला तर नेटवर्कशिवाय चालतं. अडचण अशी की कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि तिथे माणसासारखं ॲपही फसू शकतं. पक्षी डोळ्यांनी पाहिला नाही किंवा आवाजाची स्वतःला खात्री नाही, तर यादीत नाव लिहू नये.

कोणत्या जोड्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो?

पावशा आणि शिक्रा. रंग, पट्टे, उडण्याची ढब, सगळं सारखं. लहान पक्षीही पावशाला शिक्रा समजून घाबरतात. चोच बघा : शिक्र्याची आखूड आणि बाकदार, पावशाची सरळसर. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

काळ्या पक्ष्यांत कोतवाल सडपातळ, शेपूट दुभंगलेली, उघड्यावर बसणारा. कोकीळ नर कावळ्याच्या मापाचा, लाल डोळा, फिकट हिरवी चोच, पानांत लपणारा. चीरक नर दयाळासारखा काळा असला तरी शेपटी उभी धरतो, बुड तांबूस असतं आणि तो दगड-मातीच्या कोरड्या जमिनीवर रमतो. दयाळ बागा आणि झाडीतला. वीण संपल्यावर शिंजीर नर मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. वसंताच्या सुरुवातीला असे अर्धवट रंगलेले नरही भेटतात आणि ‘नवी जात’ म्हणून नोंदले जातात.

दुर्बीण कोणती घ्यावी?

8×42. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची ती रुंदी. 10×42 मध्ये ती 4.2 होते, म्हणून पहाटेच्या मंद उजेडात 8 पटीची दुर्बीण उजळ वाटते. 10 पटीला हात थरथरल्याचं जास्त जाणवतं आणि दिसणारं क्षेत्र अरुंद होतं. झाडीतल्या चपळ पक्ष्यांसाठी हे दोन्ही तोट्याचं. पाणवठ्यावर किंवा माळावर 10 पट उपयोगी पडते. 8×32 हलकी, पण पहिल्या अर्ध्या तासात कमी पडते. पट कमी-जास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणी टाळाव्यात. चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 15 मिलिमीटर किंवा जास्त आहे ना, ते पाहून घ्या.

फेरीसाठी लगेच विकत घेऊ नका. आधी दोन-तीन जणांच्या दुर्बिणी हाताळून बघा.

दुर्बिणीतून दोन वर्तुळं दिसतात, नाहीतर काळी सावली येते. काय चुकतं?

बहुतेकदा दुर्बीण डोळ्यांना लावून घेतलेली नसते. आधी बिजागरी उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत जुळवा. मग डोळ्याकडचे रबरी कप : चष्मा असेल तर आत, नसेल तर पूर्ण बाहेर. काळी सावली येते ती याच कपांच्या चुकीच्या जागेमुळे.

आता वीस-तीस मीटरवरची स्पष्ट अक्षरांची पाटी निवडा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळव्यानं झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं धारदार करा. मग डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. दोन्ही वेळा डोळे उघडे ठेवा. एक मिटला की दुसऱ्यावर ताण येतो आणि माप चुकतं. कडी कोणत्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. दुर्बीण दुसऱ्याला दिली की ही कडी हमखास हलते, परत आल्यावर पाहून घ्या.

पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण दुर्बीण लावली की हरवतो.

कारण तुम्ही दुर्बीण शोधायला खाली बघता. नजर पक्ष्यावरच खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपुढे उचला. मान हलवायची नाही. सुरुवातीला पानावर, मग तारेवर, मग बसलेल्या साळुंकीवर याचा सराव करा. पंधरा-वीस वेळा केलं की हात शिकतो. पक्षी जाडजूड फांदीवर असेल तर बुंध्यापासून फांदीच्या वाटेनं नजर नेत गेलात तर तो लवकर सापडतो.

‘दोन वाजता, मधल्या फांदीवर’ म्हणजे काय?

झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. शेंडा बारा वाजता, उजवी कड तीनला, बुंधा सहाला. ‘दोन वाजता’ म्हणजे शेंड्याच्या उजवीकडे थोडं खाली. आधी कोणतं झाड ते ठरवून मगच वेळ सांगावी. बोट दाखवून काही उपयोग होत नाही, उलट हात उंचावला की पक्षी उडतो.

किती चालावं लागतं? गट किती मोठा असावा?

तीन तासांत दोन ते तीन किलोमीटर. याहून जास्त चाललात तर पक्षी बघायचे राहून जातात. गट आठ ते बारा जणांचा, पुढे मार्गदर्शक आणि शेवटी एक माहितगार. बारावर माणसं गेली की मागच्यांना नुसती शेपटी दिसते आणि मागून ‘कुठे, कुठे’ सुरू होतं. जाताना ऊन पाठीशी राहील अशी वाट निवडतात, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे तोंड. हे जमलं नाही तर रंग दिसतच नाहीत, सगळेच पक्षी काळे.

कपडे?

मातकट, शेवाळी, करडे. पांढरा आणि भडक रंग नको. सळसळणारं जॅकेट नको, कारण आपलं आपल्यालाच काही ऐकू येत नाही. पाय झाकणारे बूट, टोपी, लिटरभर पाणी.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की तो जवळ येतो. मग वाजवायला काय हरकत आहे?

वसंतात तर बिलकूल नको. नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. तो गाणं, चारा, मादीजवळ राहणं सगळं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एका गटानं दोन मिनिटं वाजवलं तर तो सावरेल. पण त्याच वाटेवर दर शनिवार-रविवारी तीन-चार गट जातात आणि तोच पक्षी दर वेळी तेच सोसतो. मार्गदर्शकच वाजवत असेल तर थांबवा, हा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वाटेत घरटं दिसलं तर?

थांबू नका, चालत राहा, पुढे जाऊन लांबून बघा. जागा समूहात किंवा समाजमाध्यमांवर टाकू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं, तेव्हा हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही.

आपण फार जवळ आहोत हे पक्षीच सांगतो. चोचीत अळी घेऊन तो फांदीवरून फांदीवर उड्या मारतोय, पण घरट्यात जात नाही, तर त्याला तुमच्या जाण्याची वाट आहे. मागे सरका, तो आत जाईपर्यंत सरकत राहा.

टिटवीबाबत जास्त सावध राहावं लागतं. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध सहसा चार अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडू लागली तर पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन बघा आणि आल्या पावली मागे फिरा. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. तिला दुपारी उठवून लावलं तर अंडी तापून आतला जीव मरू शकतो.

फोटो काढता येतील का?

वाटेवरून, फ्लॅशशिवाय, पक्षी आपलं काम करत असताना. घरट्याचे, पिल्लं भरवतानाचे फोटो नकोत. फांद्या वाकवून ‘मोकळी जागा’ करणं तर अजिबात नको; ती पानं म्हणजे ऊन आणि कावळा या दोन्हींपासूनचा आडोसा असतो.

नोंद कशी ठेवायची?

तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेलं अंतर, हवामान. मग प्रजाती आणि संख्या. अनोळखी पक्षी असेल तर पुस्तक उघडण्याआधी लिहा : चिमणी, साळुंकी, कावळा, घार यांपैकी कोणाएवढा, चोच कशी, शेपूट कशी, कुठे रंग, काय करत होता. पुस्तक आधी उघडलं की चित्रातला रंग आठवणीत मिसळतो आणि मग खरं काय दिसलं होतं ते सांगता येत नाही.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी टाकत असाल तर ओळखता आलेली प्रत्येक प्रजाती लिहा, कावळे-कबुतरांसह. फक्त ‘चांगले’ पक्षी लिहिलेल्या यादीतून कोण कमी होतंय ते कळत नाही.

वारा किंवा ढग असतील तर फेरी रद्द होते का?

ढगाळ हवा उत्तम. पक्षी उशिरापर्यंत बोलत राहतात. जोराचा वारा वाईट, कारण आवाज विरतो आणि पानं हलत असल्यानं हालचाल ओळखू येत नाही. विजा कडाडत असतील तर फेरी रद्दच.

वाटेत पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं. उचलायचं का?

आधी बघा की अंगावर पिसं आहेत का. पिसं आलेली, शेपूट आखूड, तुरुतुरु उड्या मारणारी पिल्लं घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली असतात. दयाळ, बुलबुल, कोतवाल यांची पिल्लं या काळात अशी हमखास भेटतात आणि आई-बाप आसपासच असतात. त्यांना हात लावू नका. वाटेच्या अगदी मधोमध असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि सगळ्या गटानं लांब व्हावं, नाहीतर आई-बाप खाली उतरणार नाहीत.

डोळे मिटलेलं, उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताच्या टप्प्यात असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं. दूध, भातही नको. जखमी असेल तर हवा जाईल अशा झाकलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या कार्यालयाला कळवा. तोपर्यंत खोकं पुन्हा पुन्हा उघडून बघू नका.